तिखल्याला पीठ लागत नाही: आपल्या स्वयंपाकघरातलं पॅलिओ

मागच्या भागात बोलता बोलता मी म्हणाले होते की आठवड्यातले पाच दिवस मी पॅलिओ खाते. मूळ विषय बाजूलाच राहिला आणि मेसेज आले ते सगळे या एका वाक्यावर. त्यातही सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, "ताई, बदामाचं पीठ कुठून घेता?"

घेत नाही. एकदाच घेतलं होतं. पाव किलो बदाम घातलेला ब्रेड केला, तो मधे कच्चा आणि बाहेरून करपलेला निघाला. रूममेटने एक तुकडा खाल्ला आणि विचारलं, "हे मुद्दाम असं आहे का?" तो ब्रेड, ते पैसे आणि तो रविवार, तिन्ही गेले.

तर आज रेसिपी सांगणार आहे, अगदी मापासकट. पण मधे एक गोष्ट आहे माझ्या बाबांची. ज्यांच्या घरात कुणी शुगरची गोळी घेतं, त्यांनी ती पुढे ढकलू नका प्लीज. रेसिपी नाही ऐकल्यात तरी चालेल.

आधी थोडक्यात, पॅलिओ म्हणजे काय. शेती सुरू होण्याआधी माणूस जे खायचा तेच खायचं, ही कल्पना. म्हणजे मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंद, सुकामेवा चालतो. धान्य नाही, डाळी-कडधान्यं नाहीत, दूध नाही, साखर नाही, रिफाइंड तेल नाही. १९७५ साली वॉल्टर व्होटलिन नावाच्या अमेरिकन पोटविकारतज्ज्ञाने यावर पुस्तक काढलं. १९८५ मध्ये ईटन आणि कॉनर या दोघांचा लेख 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांचं पुस्तक आलं आणि मग ती लाटच झाली.

आता खरं सांगू का, त्यातला इतिहास जरा डळमळीतच आहे. जॉर्डनमध्ये साडेचौदा हजार वर्षांपूर्वीच्या भाकरीचे जळके तुकडे सापडलेत, म्हणजे शेतीच्याही आधीचे. युरोपात तीस हजार वर्षांपूर्वीच्या दगडांवर पीठ दळल्याच्या खुणा मिळाल्यात. आणि आपल्याकडची गंमत म्हणजे मिरची आणि रताळं दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. त्यामुळे घोड नदीकाठी कधीकाळी कुणी अश्मयुगीन आजोबा राहत असतील, तर त्यांनी माझं ताट ओळखलं नसतं. त्याच नदीकाठी इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वी लोक जव पिकवून खात होते, हे डेक्कन कॉलेजच्या उत्खननातून कळलंय. तर "पूर्वज असंच खायचे" म्हणून मी हे खात नाही. मी खाते कारण ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं एचबीए१सी ६.१ आलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. वय सत्तावीस, काम बसून, रात्रीचं जेवण अॅपवरून, आणि घरात बाबांना डायबेटिस. आश्चर्य वाटायचं काही कारणच नव्हतं, तरी मी त्या आकड्याकडे बघत पार्किंगमध्ये बराच वेळ बसून राहिले.

बदामाच्या ब्रेडनंतर मी आईला फोन केला. आमचं घर कणकवलीकडचं. मी तिला यादी वाचून दाखवली, हे नाही, ते नाही, चपाती नाही, भात नाही. ती शांतपणे ऐकत होती, आणि मग म्हणाली, "मगे तिखला खा. तेका खंय पीठ लागता?"

खरंच की! तिखल्याला कुठे पीठ लागतं? सोलकढीला लागतं का? नारळाचा रस आणि कोकम, झालं. इंटरनेटवरचं पॅलिओ म्हणजे ब्रेडची नक्कल, पॅनकेकची नक्कल, पिझ्झाची नक्कल. आपल्याला ती नक्कल करायची गरजच नाही, कारण आपलं अर्धं ताट आधीच तसं आहे. फक्त त्याच्या बाजूची भाकरी आणि भात काढायचा. अर्थात हे "फक्त" केवढं मोठं आहे, ते पुढे कळलं.

चला, तिखलंच आधी. चार बांगडे, साफ करून तुकडे. एक वाटी ओलं खोबरं, आठ ब्याडगी मिरच्या थोड्या भिजवून, एक चमचा धणे, अर्धा चमचा हळद. हे सगळं मिक्सरवर अगदी गंधासारखं बारीक वाटायचं. आठ-दहा तिरफळं घ्यायची, आतली काळी बी असेल तर काढायची, आणि बत्त्याने नुसती ठेचायची. वाटायची नाहीत हं, नाहीतर कडू होतं. वाटण थोड्या पाण्यात कढवायला ठेवायचं, त्यात तिरफळं, पाच-सहा आमसुलं, मीठ. उकळी आली की बांगडे सोडायचे आणि सहा-सात मिनिटं मंद आचेवर ठेवायचं. डाव घालून ढवळायचं नाही, मासा मोडतो. भांडंच धरून हलवायचं. शेवटी वरून एक चमचा कच्चं खोबरेल तेल. फोडणी नाही, काही नाही. आणि हे दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, म्हणून रविवारी रात्री केलं की सोमवारचा डबा तयार.

डब्यात त्याच्याबरोबर काय, तर फ्लॉवरचा भात. याची बदनामी फार झालीये, आणि ती करण्यात माझाही हात होता, कारण पहिल्या चार वेळा माझा लगदा झाला. चूक काय होत होती तर मी झाकण ठेवत होते. फ्लॉवर धुऊन आधी पूर्ण कोरडा करायचा, मग जाड किसणीवर किसायचा. पसरट कढईत चमचाभर तूप, जिरं, मोठ्या आचेवर कीस पाच मिनिटं परतायचा. झाकण नाही. मीठ सगळ्यात शेवटी, कारण मीठ पाणी सोडायला लावतं. भातासारखा लागतो का? नाही. तिखलं धरून ठेवतो का? हो. आपल्याला तेवढंच पाहिजे.

तुपाबद्दल लगेच सांगते. कट्टर पॅलिओवाले म्हणतात तूपही दुधाचंच, ते नको. मी खाते. त्यात दुधातलं प्रोटीन आणि लॅक्टोज जवळपास राहत नाही, आणि मला जिऱ्याची फोडणी तुपातच आवडते. एवढा अधिकार मला आहे.

आता मराठी माणसाला बसणारा सगळ्यात मोठा धक्का. शेंगदाणा चालत नाही! तो सुक्यामेव्यात नाही येत, कडधान्यांच्या कुळातला आहे. म्हणजे कूट गेलं, चटणी गेली, शेंगदाणा तेल गेलं. भरली वांगी कशी करायची मग?

तीळ आणि सुकं खोबरं. आठ लहान वांगी घ्या, काटेरी मिळाली तर उत्तम. अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस आणि तीन मोठे चमचे तीळ वेगवेगळे भाजा, तीळ तडतडले की लगेच उतरवा. एक मोठा कांदा उभा चिरून चांगला तपकिरी होईपर्यंत परता. घाई करू नका, गूळ घालायचा नाहीये ना, गोडवा या कांद्यातूनच यायचाय. सहा लसूण पाकळ्या, दोन चमचे गोडा मसाला, तिखट, मीठ, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, सगळं वाटून वांग्यात भरा. उरलेला मसाला पाणी घालून वरून सोडा. खोबरेल किंवा तुपात, मंद आचेवर, झाकणावर पाणी ठेवून वीस मिनिटं. हिंग घालत असाल तर डबीवरचं बारीक अक्षर वाचा. बाजारातल्या बऱ्याचशा हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. मला हे सहा महिन्यांनी कळलं.

सकाळचं मी फार सांगत नाही, ते सोपं आहे. दोन अंडी फेटून त्यात मूठभर शेवग्याचा कोवळा पाला, कांदा, मिरची, आणि तव्यावर पोळा. शेवगा नसेल तर मेथी. दूध बंद असताना कॅल्शियमकडे लक्ष द्यावं लागतं, त्यात शेवग्याचा पाला, तीळ आणि काट्यासकट खायची बारीक मासळी उपयोगी पडते.

असं पाच महिने केलं. बरोबर चालणं होतं, रात्रीचं अॅप डिलीट केलं होतं, झोप सुधारली होती, त्यामुळे नेमकं श्रेय कुणाचं हे मी सांगू शकत नाही. पण एचबीए१सी ५.६ आलं. मी रिपोर्टचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा अंगठ्याशिवाय दुसरं काहीतरी पाठवलं. लिहिलं होतं, "मला पण हे सुरू करायचं आहे. तक्ता पाठव."

आणि मी पाठवला. एक्सेलमध्ये, रंग भरून, सात दिवसांचा, भात नाही, भाकरी नाही, पेज नाही.

बाबा बारा वर्षं डायबेटिसच्या गोळ्या घेतात. त्यातली एक ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही भात खाल्लाय की नाही हे ती बघत नाही. बाबांचा डोस रोजच्या जेवणाच्या हिशोबाने ठरलेला होता. मी त्यातलं जेवण काढून घेतलं आणि गोळी तशीच ठेवली. मी रोज ऑफिसात ज्युनियर मुलांना सांगते, एका ठिकाणी बदल केलास तर त्यावर काय काय अवलंबून आहे ते आधी बघ. हे सांगणारी मी, आणि वडिलांच्या शरीरात मी काहीही न बघता बदल करून टाकला.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी गोळी घेतली, दोन अंड्यांचा पोळा खाल्ला आणि बाजारात चालत गेले. मी पुण्यात, स्टँडअप मीटिंगमध्ये. आईचा फोन आला, मी कट केला. परत आला. ती म्हणाली, "गो, बाबांका बरा वाटना नाय." मागून बाबांचा आवाज येत होता, चिडलेला, आणि शब्द जड, ओढल्यासारखे. माझे बाबा चिडत नाहीत. आई म्हणाली, शर्ट घामाने भिजलाय, हात थरथरतायत, आणि तिला ओळखीचं उत्तर देत नाहीयेत.

मी म्हटलं मशीन काढ, बोट टोच. आकडा होता ५२.

त्या पुढची वीस मिनिटं मी फोनवर होते. तीन चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात, ते बसून घोट घोट पाजायचं, माणूस गिळत असेल तरच. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन. पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. ६६ आलं. परत तीन चमचे. मग ८८. मग आईने पेज दिली, वर मीठ. मी दिलेल्या तक्त्यात नसलेली, उकड्या तांदळाची पेज. तिने मला विचारलंही नाही.

डॉक्टरांकडे शेजारचे काका घेऊन गेले. डॉक्टर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी गोळीचा डोस कमी केला, पुढचे दोन आठवडे रोज दिवसातून चार वेळा शुगर लिहून ठेवायला सांगितली, आणि मला फोनवर म्हणाले, "कल्पना वाईट नाही तुमची. पण आधी मला एक फोन करायचा होता."

म्हणून हे नीट सांगते. घरात कुणी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड अशी गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल, तर त्यांच्या ताटातला भात-भाकरी एकदम कमी करायच्या आधी डॉक्टरांशी बोला, डोस बदलावा लागतो. ज्यांच्या गोळीच्या नावात शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं, त्यांनाही एकदम कर्बोदकं तोडणं धोक्याचं ठरू शकतं, वेगळ्या कारणाने. नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर अशी सहसा कोसळत नाही, पण तरी विचारा. गोळीच्या पट्टीचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवायला मिनिट लागतं. मला तक्त्यात रंग भरायला दोन तास लागले होते.

बाबांनी त्यानंतर मला काहीच म्हटलं नाही. मला वाटलं आता ते हे सगळं सोडून देतील. महिन्याने घरी गेले तर ते ओट्याशी उभे राहून रताळी किसत होते. डॉक्टरांना विचारून त्यांनी आपलं स्वतःचं काढलं होतं: दुपारी छोटी अर्धी भाकरी ठरलेली, तिखलं, भाजी, आणि रात्री थालीपीठ. त्यात पीठ शिंगाड्याचं. ही आयडिया आईची, उपवासाच्या डब्यातून आलेली.

उपवासाचा डबा पॅलिओवाल्यांनी जरूर उघडावा, पण डोळे उघडे ठेवून. वरी हे तृणधान्यच, ते बाद. राजगिरा धान्यासारखाच, कट्टर लोक नको म्हणतात. शेंगदाणा बाद, साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. पण शिंगाडा हे पाणवनस्पतीचं फळ, धान्य नाही. रताळं कंद. हे दोन एकत्र छान जमतात.

दोन मध्यम रताळी, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम, उकडून गार करून किसून घ्या. पाऊण वाटी शिंगाड्याचं पीठ, दोन हिरव्या मिरच्या आणि जिरं वाटून, कोथिंबीर, मीठ. पाणी घालू नका, रताळ्याच्या ओलाव्यात मळलं जातं, फार चिकट वाटलं तर पीठ चमचाभर वाढवा. ओल्या फडक्यावर थापा, मधे भोक पाडा, तव्यावर टाका, भोकात तूप सोडा. मंद आच, दोन्ही बाजूंनी. चार होतात. आणि लक्षात घ्या, एका थालीपिठात साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं असतात, जवळपास एका लहान भाकरीएवढी. "पॅलिओ आहे ना" म्हणून चार खाल्लीत तर शुगर तुमची विचारपूस करायला येईल. पॅलिओ म्हणजे लो-कार्ब असं नाही, हे मलाही उशिरा कळलं.

गोडाचं सांगितल्याशिवाय सोडणार नाही तुम्ही. दोनच सांगते.

एक, शिकरण. आपलं साधं शिकरण, फक्त दुधाऐवजी नारळाचा पहिला घट्ट रस. सहा पिकलेली वेलची केळी कुस्करून, एक वाटी रस, वेलची, चिमूटभर मीठ. साखर अजिबात लागत नाही. हेच मिक्सरमधून काढून स्टीलच्या छोट्या वाट्यांत घालून सहा तास फ्रीजरला ठेवलंत की कुल्फी. दगड होते पण, खायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा.

दोन, लाडू. बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम, भाजलेले तीळ १०० ग्रॅम, भाजलेलं सुकं खोबरं ५० ग्रॅम, वेलची. तीळ-खोबरं भरडसर करून घ्या, खजूर तुपावर दोन मिनिटं परतून मऊ करा, सगळं एकत्र मिक्सरला फिरवा, हाताला तूप लावून वळा. अठरा-वीस होतात. इंटरनेटवर याला "शुगर फ्री" म्हणतात. अहो, खजूर म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच! एका लाडवात दीड चमचा साखर आहे असं धरून चाला. साखर न घातलेला आहे, साखर नसलेला नाही.

शाकाहारी मंडळींचा प्रश्न राहिला. प्रामाणिकपणे सांगते, अंडंही खात नसाल तर हा प्रकार करू नका. डाळ, उसळ, दही, पनीर सगळं काढल्यावर प्रोटीनला उरतं काय? मूठभर बदाम. त्यापेक्षा भात निम्मा करा आणि उसळ दुप्पट घ्या, पॅलिओ नाही म्हणवणार, पण चालेल ना.

आणि मी पाच दिवसच का? कारण शनिवार-रविवार घरी गेले की आई तांदळाची भाकरी करते. पहिल्या वेळी मी नको म्हटलं. तिने भाकरी उलटली, शेकली, टोपलीत ठेवली, आणि दुसरी थापायला घेतलीच नाही. पीठ परातीत तसंच राहिलं. त्यानंतर मी कणकवलीला पॅलिओ पाळत नाही.

चला, थांबते. तिखलं करून बघितलंत तर तिरफळं कुठे मिळाली ते मला नक्की कळवा, पुण्यात मला ताजी अजून मिळालेली नाहीत, मी अजून आईने पाठवलेल्या बरणीवरच भागवतेय. पुढच्या भागात आपण झोपेवर बोलणार आहोत, तो रेकॉर्ड करायचा तर मला आधी झोपायला हवं. भेटू!